नऊ होलांवरची फायनल

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. चार माणसं एका कामाला लागली, की जेवणावळीनंतरच्या पत्रावळींसारखे ते मागे उरतातच. आमच्या घरी हे सगळे मंगल सांगायची, आणि मी नवरा म्हणून मध्ये मध्ये दुरुस्त्या करायचो. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता दुरुस्त्या न करता, ती सांगायची तसेच लिहितो.

नागोठण्याहून रोह्याकडे जाताना एका कारखान्याची कॉलनी आहे. तिथल्या क्लबचा मी सेक्रेटरी. पूर्वीच्या कुठल्याशा मोठ्या साहेबांच्या हौसेपायी कॉलनीला गोल्फचं मैदान होतं. एका वर्षी बायकांच्या प्रोफेशनल गोल्फची सीझनची शेवटची स्पर्धा आमच्या गळ्यात पडली, कारण ठरलेलं मैदान ऐन वेळी हातचं गेलं.

पाहणीला आलेल्या मॅडम म्हणाल्या, "अठरा होल लागतात. इथे तर नऊच दिसतात."

आमचे हेड माळी राऊत ताडकन उभे राहिले. "पहार आणतो मॅडम! दुपारपर्यंत उरलेले नऊ पाडून देतो!"

तेच नऊ दोनदा खेळले तरी चालतात, असं मॅडमनी समजावलं. राऊतांना ते अजिबात आवडलं नाही. "दोनदा म्हणजे फसवणूकच की!"

*

स्पर्धेत आमच्या घरची म्हणावी अशी एकच मुलगी होती, रेश्मा. पेणच्या खाडीकडची मिठागरं बंद पडल्यावर तिची जनीमावशी कॉलनीत गवत काढायला आली, ती या आईविना भाचीला घेऊनच. बॉल वेचता वेचता पोरगी खेळायला शिकली आणि चक्क प्रोफेशनल झाली!

पण ते वर्ष तिला वाईट गेलं होतं. या शेवटच्या स्पर्धेत पहिल्या दहात आली, तर पुढच्या वर्षाचं कार्ड, म्हणजे खेळायचा परवाना. नाही आली, तर सोमवारपासून रामवाडीत मोबाईलच्या दुकानात नोकरी. दुकानदाराला तसा शब्दही देऊन झाला होता.

कॅडी म्हणून, म्हणजे मैदानभर बॅग वाहायला, तिनं मावशीलाच उभं केलं. मी म्हटलं, "मावशी, बॅग जड असते हं."

"सेक्रेटरीसाहेब, मिठाच्या पाट्या व्हायल्यात मी. ही त काठ्यांची पिशवी!"

*

सरावाच्या दिवशी तिसऱ्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर पाहतो, तर पापड! पोह्याचे, शेदोनशे, ओळीत मांडलेले. आणि कडेला छत्री घेऊन कावळे हाकत बसलेली आमची मंगल, गडबच्या दोघी मैत्रिणींसह.

मी कपाळाला हात लावला. "अगं, हे ग्रीन आहे!"

"एवढी सपाट, स्वच्छ, उन्हाची जागा नुसती ठेवायला लाज नाही वाटत तुम्हाला?"

तेवढ्यात एका थायलंडच्या मुलीचा बॉल येऊन पापडांत थांबला. रेफरी बाई बंगळुरूच्या, अत्यंत शिस्तीच्या. त्यांनी पुस्तक उघडलं आणि निर्णय दिला, "हलवता येण्याजोगा अडथळा. उचला." त्या मुलीनं एकेक पापड उचलून बाजूला ठेवला.

संध्याकाळी मी माफी मागायला निघालो, तर मंगल म्हणाली, "एकही मोडला नाही हो तिनं. चांगल्या घरची आहे!"

*

सातव्या होलला लागून धर्माचं वालाचं शेत. पहिल्या दिवशी धर्मा मैदानातून आडवा चालला होता. समोर बॉल येऊन पडला. त्यानं तो उचलला, धोतराला पुसला आणि धापा टाकत पार उलट्या दिशेनं, जिथून तो मारला होता त्या टीपर्यंत धावला.

"बाय, तुमचा पडला व्हता!"

रेफरी बाई धावल्या. नियमाप्रमाणे बॉल होता तिथेच परत ठेवायला हवा. त्यांनी हिंदीत विचारलं, कुठून उचलला ती जागा दाखवा.

धर्मा म्हणाला, "दाखवतो. पन पुन्हा टाकायचा नाय!"

*

पाहुण्यांना आपल्याकडची पोपटी खिलवायची, हा राऊतांचा हट्ट. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्डीचा पाला, आणि भोवती जाळ. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी जागा निवडली, ती थेट चौथ्या होलचा बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. "वाळूत आग पसरत नाही साहेब!" सगळे पोटभर जेवले. नंतर राऊतांनी स्वतः वाळू सारखी केली.

सकाळी कोलकात्याच्या एका मुलीचा बॉल त्या बंकरमध्ये गेला. वाळूतून पांढरं काहीतरी अर्धं डोकावत होतं. तिनं नेम धरला आणि सणसणीत फटका मारला. हवेत पिवळं कारंजं उडालं!

तिचा खरा बॉल हातभर पलीकडे शांत बसला होता.

रेफरी बाईंनी पाच मिनिटं पुस्तक चाळलं. "दुसऱ्याचा बॉल मारला तर दंड आहे," त्या म्हणाल्या. "अंड्याबद्दल काही म्हटलेलं नाही."

राऊत माझ्या कानात पुटपुटले, "तरीच म्हटलं, काल मला एक कमी का आलं!"

*

जनीमावशी ग्रीनवर चढण्यापूर्वी चपला काढायची आणि अनवाणी सावकाश फेरी मारायची. रेफरी बाईंनी विचारलं, हे काय चाललंय?

"मिठागरात पायानंच खोंड, म्हंजे मिठाचा वाफा, सारखा करतात बाय. पानी कुठं वलतं, ते तलपायाला कलतं."

नियमात अनवाणी चालायला बंदी नव्हती. मावशी सांगे तिकडून रेश्मा बॉल सोडी, आणि तो पडे! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाडून सगळ्या कॅडींनी बूट काढले. ग्रीनच्या कडेला बुटांच्या दहा-बारा जोड्या. ते बघून रोह्याहून आलेल्या एका आजोबांनीही वहाणा काढल्या, आणि झेंड्याला हात जोडले.

*

शेवटचा दिवस, शेवटचा होल. रेश्माचा बारा फुटांवरून पट, म्हणजे बॉल होलात ढकलायचा हलका फटका. हा पडला तर ती दहावी, नाही पडला तर बारावी.

मावशीनं फेरी मारली. "डावीकडनं सोड. हलू."

बॉल निघाला, वळला, होलच्या अगदी काठावर आला आणि थांबला. अर्धा आत, अर्धा बाहेर!

नियम असा, की खेळाडू बॉलपाशी पोचल्यावर दहा सेकंद वाट बघायची. तेवढ्यात पडला तर पडला. नाही तर आणखी एक फटका, आणि रामवाडी. रेश्मा तिथवर गेली आणि तिनं डोळे झाकून घेतले. रेफरी बाई घड्याळ बघून मोजू लागल्या. मंगलनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडीचा वळ उठला.

मावशी होलपाशी उकिडवी बसली.

"हात लावायचा नाही!" रेफरी बाई ओरडल्या.

मावशीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. वाकली, आणि नव्या सुनेला सांगावं तशा हळू आवाजात म्हणाली, "उंबऱ्यात उभं नाय ऱ्हाऊ गो बाय. आत ये."

बॉल आत गेला.

रेफरी बाई म्हणाल्या, "आठ." मग पुस्तक उघडून बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. शेवटी त्यांनी ते मिटलं आणि मान हलवली. रेश्मा दहावी!

आरडाओरडा थांबल्यावर रेश्माच्या जोडीनं खेळणारी दिल्लीची मुलगी पुढे आली. तिचा शेवटचा पट अजून व्हायचा होता, चांगला सहा फुटांवरून. ती मावशीजवळ जाऊन हळूच म्हणाली, "मौसीजी, मेरेवाले को भी बोल दीजिए ना."

मावशीनं तिच्या बॉलकडे नीट बघितलं.

"त्याला आधी दारापरत येऊ दे. मंग सांगते."