हात काढ आधी!

माझ्या नणंदेच्या मुलीला देवाने डोळे, नाक आणि अक्कल या तिन्हींच्या जागी कानच बसवले आहेत. शिक्षणाने ती शिल्पकार. पण शिल्प बघायचं नसतं, ऐकायचं असतं, हे तिचं ठाम मत. कुकर आणायला पाठवली, तर दुकानातले सगळे कुकर बोटाने वाजवून रिकाम्या हाताने परत आली. "सगळे बेसूर आहेत, मामी." स्थळाकडे गेलो, तिथे लोखंडी कपाटावर टकटक करून म्हणाली, "कपाट छान बोलतं. मुलगा बोलतो का?" त्यांचा निरोप अजून यायचाय.

ठोकाठोकीला कंटाळून घरमालकाने खोली सोडायला लावली, तेव्हा मी तिला चिखलीतल्या आमच्या, पत्र्याचे पार्ट दाबून काढायच्या प्रेसच्या शेडमधला एक कोपरा दिला. पाठोपाठ तिच्या कामातला, सांगवीचा एक जोडीदार आला. ती पत्रा ठोकून पोकळ आकार करणार, हा आत स्पीकर बसवून आपल्या आवाजातले शब्द भरणार. मूर्तीवर हात टेकवला की मूर्ती बोलणार. महिनाभर दोघांचं एकच भांडण.

"माझा शब्द आत घुमतोय. पत्रा वाकव."

"पत्रा नाही वाकणार. तू शब्द आखूड कर."

"दोघं आधी ग्राइंडर बंद करा," मी.

नणंदेने बजावलं होतं, ही मूर्ती मांडणार ते प्रदर्शन शेवटचं. इथे काही झालं नाही तर सोमवारपासून निघोजे गावातल्या कंपनीत ऑफिसचं काम. पोरीने मान डोलावली आणि त्या दिवसापासून भांडी वाजवणं सोडलं. मला हायसं वाटायला हवं होतं.

प्रदर्शनात परीक्षकांनी मोठ्या गांभीर्याने मूर्तीवर हात टेकवला. आतून प्रेसची धाड आणि माझा आवाज, "हात काढ आधी! घरी बायको वाट बघतेय ना?" परीक्षक हात मागे घेऊन म्हणाले, "सॉरी मॅडम." शेडमध्ये रेकॉर्डिंग करताना, प्रेसखाली हात घालणाऱ्या कामगारांवरचं माझं ओरडणंही टिपलं गेलं होतं, आणि घाईत जोडीदाराने नेमकं तेच आत भरलं. पोरीचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात कुठल्याशा कंपनीतली शिफ्ट संपवून आलेला एक कामगार ओरडला, "आयला, आमच्या लाइनवरची बाई इथं पण आली राव!" मग मूर्तीकडून ओरडून घ्यायला रांग लागली.

त्या रांगेमुळेच दोघांना बडोद्याहून वर्षभराच्या कामाचं बोलावणं आलं. निघोज्याची नोकरी राहूनच गेली. जाताना पोरगी मूर्ती शेडमध्ये ठेवून गेली. "तुमचाच आवाज आहे, मामी. सांभाळा."

मी ती प्रेसशेजारी ठेवली आहे. नव्या पोरांना शिस्त लागते. कोपऱ्यात आता पत्र्याचे गठ्ठे आहेत, जागा कामी आली. संध्याकाळी शटर ओढण्याआधी मूर्तीवरची धूळ पुसते, तेव्हा ती माझ्याच आवाजात खेकसते, हात काढ आधी. मी लगेच काढत नाही.