एका पावलाच्या दोन नोंदी

सेन्सर खोटं बोलत नाही, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. शिकवणाऱ्या सरांनी तो कधी पेशंटच्या पायाला बांधला नसावा!

रत्नागिरीतल्या एका छोट्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये मी मशीनं सांभाळतो. आगपेटीएवढी डबी पट्ट्याने पायाला बांधायची. पाय किती वाकला, कधी टेकला, हे ती सेकंदाला शंभर वेळा कॉम्प्युटरला कळवते. त्यावरून आमच्या देवयानी मॅडम पुढचे व्यायाम ठरवतात. एवढं सरळ काम. तरी आठवड्याला एखादा किस्सा होतोच, आणि मी तो घरी जेवताना सांगतो. शेवटी बायको म्हणाली, "लिहून ठेव. दर वेळी सांगताना तू त्यात मीठ वाढवतोस." म्हणून हे बेतशीर मिठाचं.

*

मिरकरवाड्याचे तांडेलमामा आमचे अगदी पहिले पेशंट. ट्रॉलरवर तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. ते डेकवर घसरले आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, आणि मामांचा जीव बोटीत अडकलेला.

ग्राफ आला तो जिन्याच्या पायऱ्यांसारखा. गुडघा जरा वाकतो, अडकतो, परत वाकतो. मॅडम गंभीर झाल्या. "मामा, गुडघा अडकतोय. या सीझनला बोट नको."

"अडकत नाय हो! माझा गुडघा हाय, मला नाय कळणार?"

पण ग्राफपुढे त्यांचं कोण ऐकणार? मामा टोपीची घडी घालत बसले.

मला ते बघवेना. दोन दिवस फाईल चाळली, तर प्रत्येक आकडा दोनदा! बारा, बारा. पंधरा, पंधरा. डबी सेकंदाला पन्नासच आकडे देत होती आणि कॉम्प्युटर शंभर मागत होता. नवीन आकडा नसला की तो जुनाच पुन्हा लिहायचा. दोघांचा रेट जुळवला आणि ग्राफ सलग, सुळसुळीत झाला.

मॅडमनी स्वतः फोन करून माफी मागितली. मामा म्हणाले, "म्हंजे मेली डबी अडखळते, नि बोट माझी बांधून ठेवता!"

*

त्याच भानगडीत कंपनीच्या इंजिनिअरचा पुण्याहून फोन आला. मी बाहेर होतो. आमच्या रिसेप्शनवरच्या सुलभाताईंनी उचलला.

"मॅडम, तुमच्याकडे सध्या रेट काय चाललाय?"

सुलभाताई ठसक्यात म्हणाल्या, "रेट आम्ही फोनवर सांगत नाही. पेशंटला घेऊन या!"

*

खेडच्या एक आजी. वय शहात्तर, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. एका हातात काठी, दुसऱ्या हाताला मुलगी. रिपोर्ट उघडला तर आजी चक्क धावत होत्या! पन्नासने भरलेली फाईल मी शंभरने वाचली होती. म्हणजे दहा सेकंदांचं चालणं पाच सेकंदांत उरकलेलं.

मी ओशाळून नवीन रिपोर्ट काढला. आजींनी दोन्ही कागद हातात घेतले, चष्मा पुसून नीट पाहिले आणि नवीन कागद मला परत दिला.

"आजी, तो पहिला चुकीचा आहे."

"असू दे. नाव माझंच हाय ना वर? मुंबईला मुलाला पाठवते. आई पडल्यापासून त्याला झोप नाय."

*

यानंतर मी शहाणा झालो. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एकच आकडा लागोपाठ आला की बाकीचे पुसून टाकायचे. फाईल लहान व्हावी म्हणून अपूर्णांकही उडवले. आठवडाभर मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

मग मांडवीचे एक निवृत्त गुरुजी आले. त्यांना कंपवात. चालता चालता पाय जागीच खिळायचे. माझा रिपोर्ट म्हणाला, गुरुजी कुठेही न थांबता चालतात. उत्तम!

मॅडम खूश झाल्या. गुरुजींच्या पत्नी मात्र कागदाकडे बघतच राहिल्या. "अहो, हे रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात थांबतात. मी बाजूला उभी राहून मनात आकडे मोजते. कधी कधी वीसपर्यंत जातात. ते वीस कुठे आहेत यात?"

मी पुसले होते. पाय हलत नव्हता म्हणून तोच आकडा येत होता, आणि मला तो डबल वाटला होता. त्या बाईंनी मोजलेला एकेक आकडा मी कचरा समजून टाकला होता! मला मान वर करवेना. सुदैवाने मूळ फाईल जपून ठेवली होती. ती काढली, नवा रिपोर्ट केला, मॅडमनी व्यायाम बदलले.

मी गुरुजींची माफी मागितली. ते सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "पुसायला माझी हरकत नाही. पण आधी पायातून पुसा, मग कागदावरून."

*

लांज्याकडचे एक आंबा बागायतदार. कंबरेसाठी घरी डबी दिलेली. गावात नेटवर्कचा पत्ता नाही. काका रोज सड्यावर, गावामागच्या कातळाच्या पठारावर चढून मोबाईलवर 'सेंड' दाबायचे. गेलं की नाही कळेना म्हणून परत दाबायचे, आणि खाली उतरण्याआधी आणखी दोनदा.

मॅडमनी घाबरून फोन केला, "काका, रोज दोनशे वेळा पाय उचलताय? कंबर धरेल!"

"मी पन्नासच उचलतो. बाकीचे कोण उचलतो, बघा जरा. तो मिळाला तर मला बागेत हवाय!"

*

आणि संगमेश्वरचे शांतारामकाका. मुंबईत वॉचमनची नोकरी करून गावी परतले आणि वर्षभरात काकूंना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. काकू चालायलाच तयार नव्हत्या. मॅडमनी कसंबसं समजावलं आणि आठवडाभरासाठी दोन डब्या घरी दिल्या, दोन पायांसाठी दोन.

आठवड्याने फाईल आली. माणूस डावं टाकतो, मग उजवं. इथे दोन्ही पावलं एकदम पडत होती! म्हणजे काकू उड्या मारतायत की काय?

मला वाटलं, एकाच डबीची नोंद दोनदा झाली. पण आकडे हुबेहूब नव्हते, थोडे थोडे वेगळे होते. म्हणजे कॉपी नाही. डब्या बदलल्या, तेच. पट्टे बदलले, तेच. तिसऱ्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "त्यांना इकडे बोलवा. घरी चालतात तसं इथे चालू दे."

दोघं आले. काका खाली बसले. एक पट्टा काकूंच्या डाव्या पायाला बांधला, नीट, दुखणार नाही असा. मग पँट दुमडली आणि दुसरा स्वतःच्या डाव्या पायाला बांधला.

उठले. काकूंचा हात धरला. काकूंनी डावा पाय घासत पुढे टाकला, त्याच क्षणी काकांनीही टाकला. तसाच, घासत. मग पुन्हा. पॅसेजच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. सुलभाताईंच्या टेबलावर फोन वाजत होता. कोणी उचलला नाही.

मी हळूच म्हटलं, "काका, दोन्ही डब्या काकूंसाठीच होत्या. एक डाव्या पायाला, एक उजव्या."

काका कावरेबावरे झाले. घाईने पट्टा सोडवायला वाकले. "चुकलं का हो? दोन दिल्यात, मला वाटलं एक तिची, एक माझी. एकटी म्हटलं की चालत नाय ती. आता दोन्ही हिलाच बांधू?"

मॅडमनी ड्रॉवर उघडला.

"तुमची राहू दे," त्या म्हणाल्या. "ही तिसरी घ्या."