रतनताईंचे गाठींचे दोरे

वागळे इस्टेटमधल्या सुदेशदादांच्या छापखान्यात रंगीत लेझर प्रिंटर चार दिवस प्रत्येक पानावर लाल ठिपके उमटवत होता. एका दिवाळी अंकाची तीनशे मुखपृष्ठं संध्याकाळी डोंबिवलीला पोचायची होती. लाल रंगाचं नवं कार्ट्रिज बसवून झालं. ठिपके तसेच.

"तू येईपर्यंत मशीन नीट होतं, क्षिप्रा," सुदेशदादा म्हणाले. "आज काम निघालं नाही, तर उद्यापासून येऊ नकोस."

मराठीत एम.ए. केलेल्या क्षिप्राची ही पहिली नोकरी. महिनाही झाला नव्हता.

दुपारी प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या रतनताई आल्या. पंचेचाळिशीच्या, हातात हेल्मेट, खांद्याला पिशवी. घरातले सगळे मिठागरात राबलेले. रतनताई एका सर्व्हिस सेंटरात झाडलोट करायला लागल्या आणि मेकॅनिकच्या पाठीमागे उभ्या राहून काम शिकल्या. आता घोडबंदर रोडवरची ऑफिसं त्यांच्यासाठी थांबतात.

त्यांनी मशीन उघडलंच नाही. आधी मशीनमधून एक कोरंच पान छापून काढलं. त्यावरही ठिपके.

"कोऱ्या पानाला रंग लागतच नाय, शेठ. कार्ट्रिज उगाच बदललंत."

मग पिशवीतून दोऱ्यांची जुडी निघाली. प्रत्येक दोऱ्याला दोन गाठी. गाठींमधलं अंतर म्हणजे आतल्या एकेका रोलरचा घेर. रोलरला डाग असला, की प्रत्येक फेरीला तो पानावर पुन्हा उमटणार. रतनताई दोन ठिपक्यांमध्ये एकेक दोरा धरत गेल्या. क्षिप्रा बघत राहिली. दोन वर्षांच्या एम.ए.त एखादं पान इतकं बारकाईने वाचल्याचं तिला आठवेना.

चौथा दोरा बरोबर बसला.

"हा." त्यांनी बाजूचं झाकण उघडून कागद पुढे ढकलणाऱ्या रोलरवर बोट फिरवलं. बोट लाल झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं.

तेलात कालवलेलं कुंकू.

चार दिवसांपूर्वी, खंडेनवमीला, सगळ्या मशीनांची पूजा झाली होती. बाहेर नुसतं प्लॅस्टिक, खरं मशीन आत, म्हणून क्षिप्राने झाकण उघडून तिथे कुंकवाचं बोट टेकवलं होतं.

रतनताईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं.

"काय सापडलं?" सुदेशदादांनी विचारलं.

"घाण लागलेली. पुसते."

रोलर पुसला. पुढचं मुखपृष्ठ स्वच्छ निघालं. आता गप्प बसलं तरी चालणार होतं.

"दादा, ते कुंकू होतं. मी लावलेलं."

"आत?"

"आत."

रतनताई दोरे गुंडाळत हसल्या. "अगं बाय, देवाच्या पण कपालालाच लावतात. तोंडात नाय घालत!"

सुदेशदादांनाही हसू आवरेना. "कागद भर," ते क्षिप्राला म्हणाले. "दोनशे नव्व्याण्णव राहिलीत. आणि उद्या वेळेवर ये."