वरून पडणारे कपटे

वरच्या मजल्यावरचे काका महिनाभर लेकीकडे ब्युनोस आयर्सला राहून आले आणि आमच्या डोक्याला ताप झाला. लिफ्ट बंद पडली तरी ‘तिथे असं नसतं’. सकाळी माझा पेपर मात्र इथलाच, ‘नुसता चाळायला’ नेतात.

रविवारी खालच्या मैदानात आमची फुटबॉल मॅच असते. ब्युनोस आयर्सच्या प्रेक्षकांसारखे काका गॅलरीतून कागदाचे कपटे उधळतात आणि नंतर खाली येऊन स्वतःच झाडून काढतात.

काल आम्ही सडकून हरलो. बघे केव्हाच पांगले, कपटे पडतच होते. मी गोलमधूनच ओरडलो, “अहो काका, हरलोय आम्ही!”

“म्हणून तर! जिंकलात की येतीलच सगळे.”

मी विरघळलोच होतो. तेवढ्यात हातावर एक कपटा पडला. त्यावर माझ्या अक्षरात अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं होतं.