डिझास्टर आणि दहीभात

तिचं नाव मला माहीत नाही. तिची संशयी नजर मात्र आठवते. बोंडअळीच्या वर्षांत मी पिकाची पाहणी करायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसोबत दुभाषा म्हणून हिंडायचो. बाभुळगावजवळ एका वावरात ती कापसाच्या पहिल्या वेचणीआधीची सीतादही करत होती, म्हणजे पूजा करून दहीभात शिंपडत होती. त्या दिवशीच्या पाहुण्याने किडलेलं बोंड फोडलं आणि म्हणाला, "डिझास्टर."

"काय म्हणून राह्यला तो?"

"नुकसान आहे म्हणतो."

"तोंड तं मयतीले आल्यावानी केलं त्यानं. खरं सांगा."

"सत्यानाश," मी म्हणालो.

"हे आज वावरात बोलाचं असते काय?"

आम्ही निघालो. वावराच्या कडेच्या धुऱ्यावरून वळून पाहिलं, तर जिथं जिथं आमचे पाय उमटले होते, तिथं ती पुन्हा दहीभात शिंपडत होती.