रशीदची खाऊफेरी

रशीद मुकादम मूळचा हर्णैचा, ओमानात सोहारच्या एका पोलाद कारखान्यात फिटर. आठवडाभर सोहार, गुरुवारी संध्याकाळी गाडी हाकत वादी कबीरच्या फ्लॅटवर बायकापोरांत, शनिवारी परत. अकरा वर्षं हेच चाललं होतं. बायको शहनाज गेली त्याला आता तीन महिने झाले. मयतीला तो रडला नाही, नंतरही नाही. लोक म्हणाले, काय सब्र आहे माणसाला! सब्र कसला? दाढ काढायच्या आधी सुई टोचल्यावर गाल होतो, तसा तो आतून बधिर झाला होता.

पोरांचा प्रश्न त्याने मागच्या सुट्टीच्या दोन दिवसांत निकालात काढला. हर्णैला बहिणीकडे, झरीनकडे, पाठवायचं. तो सोहारला असला की पोरांना शेजारच्या विशाखाताई बघत होत्या, पण शेजारणीने तरी किती दिवस बघायचं? पुढच्या गुरुवारची तिकिटंही आली. पोरांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

विशाखाताईंनीच त्याला फोनवर आलेला एक मेसेज दाखवला. अल मवालेहमध्ये एक व्हिएतनामी बाई मुलांना पायी फिरवते, त्यांच्याकडचं रस्त्यावरचं खाणं खाऊ घालते. व्हिएतनाम नकाशात कुठे आहे हे रशीदला जीव गेला तरी सांगता आलं नसतं. पण त्याला वाटलं, खाता खाता सांगून टाकू. पोरांच्या तोंडात घास असला की ती रडत नाहीत, अशी त्याची समजूत. इतक्या वर्षांत त्याने पोरांना रडताना पाहिलंच होतं कितीदा म्हणा!

शनिवारी सकाळी लान नावाची ठेंगणी, हसरी बाई छत्री उंच धरून पुढे निघाली. मागे आठ-दहा पोरं आणि त्यांचे आईबाप. भाजीबाजारात तिने कसली कसली पानं चुरगाळून पोरांना हुंगायला दिली. मग एका छोट्या दुकानासमोर नूडल्सचं गरम सूप आलं. रशीदने बापाला माहीत असलेला एकुलता एक प्रश्न विचारला, "हलाल?" ओमानात हे विचारायची गरज नव्हती. लानने मान डोलावली आणि रशीदचं कर्तव्य संपलं.

अकरा वर्षांची महेक धाकट्या सुफियानचं सूप फुंकून देत होती. आता सांगावं, असं रशीदच्या मनात आलं. पण त्याने सूपच पिऊन टाकलं.

पुढच्या दुकानापाशी लानने तांदळाच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेले रोल वाटले. आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसत होती. कुणाला अ‍ॅलर्जी आहे का, तिने इंग्रजीत विचारलं.

"नो, नो!" रशीद ऐटीत म्हणाला. "वी कोकण पीपल. फिश, प्रॉन, एव्हरीथिंग!"

सहा वर्षांचा सुफियान रोल हातात धरून बहिणीकडे बघत राहिला. महेकने तो काढून घेतला आणि लानला भराभर इंग्रजीत काहीतरी सांगितलं.

"अब्बा, त्याला प्रॉन्स नाही चालत. त्याचा फेस सुजतो. एकदा हॉस्पिटलला नेला होता."

"कधी? आपल्या घरी तर दर शुक्रवारी कोळंबी असायची!"

"ती तुमच्यासाठी. अम्मी त्याला आधीच अंडं देऊन जेवायला घालायची. तुम्हाला टेन्शन नको म्हणून सांगितलं नाय."

रशीदला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळलं. चालता चालता त्याने विचारलं, "आणखी काय चालत नाही त्याला?"

महेक सांगत गेली. खेकडा नाही. तापाचं लाल औषध नाही, उलटी होते. झोपताना बाथरूमची लाइट ऑन लागते. हर्णैच्या घरात तर दिवसाआड कोळंबी शिजते, हे रशीदला आठवलं.

"हे सगळं झरीन फुफीला..." एवढं बोलून त्याने जीभ चावली.

"फुफीला व्हॉइस नोट पाठवली मी," महेक म्हणाली. "तिकीट थर्सडेचं आहे ना? फुफीने सांगितलं."

"मलाही पाठव ती."

"तुम्हाला कशाला? तुम्ही तर सोहारला असणार." तिच्या आवाजात राग नव्हता.

"पाठव तरी."

लानची छत्री पुढे गेली, बाकीची पोरं तिच्यामागे धावली. रशीदने फोन कानाला लावला. नोट सात मिनिटांची होती. सुरुवातीलाच महेक म्हणत होती, "फुफी, अब्बांना नका विचारू हं, त्यांना माहीत नाय. मी सांगते." तो तिथेच दुकानाच्या पायरीवर बसला आणि शेवटपर्यंत ऐकत राहिला.