नाशिक ते सिंगापूर: साडेपाच तास आणि एक घाट

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. माझ्या मुलीला, मीराला, सिंगापूरहून येणं जमेना, तेव्हा माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. साल दोन हजार चार. तिकीट पंधरा दिवसांनंतरचं होतं. पण एका दुपारी तिचा फोन आला. रक्तदाब वाढला होता, दुसऱ्या दिवशी रात्री नऊला ऑपरेशन.

"आई, त्याआधी पोचशील?"

व्हिसा हातात होता, तिकीट बदलून घेतलं. मिशनच्या शाळेत सिस्टरनी नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजायला शिकवलं होतं, तसं मोजलं. मुंबईपासून सुमारे एकोणचाळीसशे किलोमीटर, दिल्लीच्या तिपटीहून जास्त. साडेअकराचं विमान साडेसातला पोचणार, म्हणून यांनी आठ तासांचा हिशेब मांडला. मीरा फोनवर हसली. "बाबा, इथलं घड्याळ अडीच तास पुढे. साडेपाचच तास."

पहाटे चारला निघालो. यांचा गुडघा दुखत होता, म्हणून मी एकटीच. गाडी विंचूरच्या भास्करची.

"ताई, घाटात लय धुकं हाय. पण नवाच्या आत पोचवतो."

कसाऱ्याचा घाट आम्ही ट्रकच्या मागे रांगत उतरलो. खाली चहा फक्कड मिळतो, जरूर थांबा. विमानतळावर साडेआठ वाजले, म्हणजे रस्त्यावरच साडेचार तास.

दाराबाहेरच्या रांगेत मागे ठाण्याच्या एक बाई होत्या, नेहमी ये-जा करणाऱ्या.

"काकू, डब्यात काय?"

"डिंकाचे लाडू. मुलीसाठी."

"खसखस घातलीय?"

"अर्धी वाटी. भाजून."

"तिकडे बंदी आहे. अमली पदार्थांत धरतात. बॅग उघडून बसवून ठेवतील तुम्हाला."

माझ्या आईने माझ्यासाठी केले होते, तसेच मी फोन येण्याआधीच दोन दिवस खपून करून ठेवले होते. पण नऊच्या आत पोचायचं होतं. मी डबा भास्करच्या हातात दिला.

"ताई, हे बाळंतिणीचं. मी खाल्लं तर गावात हसतील मला."

"हसू देत. खा."

विमानात खिडकी मिळाली. खाली ढग पसरले होते, नंतर समुद्र, आणि समोरच्या पडद्यावर कापलेलं अंतर सरकत होतं. शाकाहारी जेवण आधीच सांगून ठेवा, गरम आणि चवदार येतं. एवढा समुद्र घाटापेक्षा तासभरच जास्त घेतो, याचं मला आजही नवल वाटतं.

सिंगापूरचा विमानतळ लखलखीत, तरी कुठे गडबड नाही. अधिकाऱ्याने विचारलं, "खाण्याचं काही?" मी नाही म्हणाले. टॅक्सीवाले चिनी आजोबा मीटरप्रमाणे शांतपणे घेऊन गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडंच झाडं. हॉस्पिटलच्या दारात जावई उभे होते. पावणेनऊ झाले होते.

मीराने माझ्या हातांकडे पाहिलं. लाडवांचं मी सांगायला लागले, तर म्हणाली, "ते राहू दे. केस बांधून दे. नर्सला घट्ट वेणी जमत नाहीये."

मी वेणी घालत असतानाच स्ट्रेचर आलं. साडेनऊला नात झाली, दोघी सुखरूप.

तीन महिन्यांनी नाशिकला परतले. शेजारणींनी विचारलं, मुलीसाठी काय नेलं होतंस? काय सांगणार? वेणी घातली, तो कंगवासुद्धा तिचाच होता.